उलट्या टायरांची बखर

श्री. जो वाट दाखवितो त्यास, आणि जो वाट पुसून टाकितो त्यासही, आधीं दंडवत. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरीं, दसऱ्याचें सोनें लुटलें आणि दुसरेच दिवशीं, म्हणजे आश्विन शुद्ध एकादशीस, राज्यांत जें वर्तमान उद्भवलें तें जैसें कानीं आलें तैसें येथें लिहिलें असे. राज्याचें नांव पुसूं नये. ज्या राज्यांतून बाहेर जाण्यास एकच वाट असते त्यास नांवाचें अगत्य नसतें. डोंगराच्या खांद्यावर किल्ला, किल्ल्यास एक दरवाजा, दरवाजापासून उतरती लाल मुरुमाची सडक, आणि सडक जेथें संपते तेथून पूर्वेस काळें रान. काळें रान म्हणजे काळ्या मातीचें सपाट मैदान; झाड नाहीं, धोंडा नाहीं, सावली टाकावयास कांहीं नाहीं. पावसाळाभर पाणी पिऊन तें फुगतें, मग दसऱ्याचे सुमारास वरची साय वाळते आणि आंत चिखल तैसाच राहतो, जैसे निजलेल्या माणसाच्या पापणीआड डोळे जागे असावे. रानापलीकडे राज्याचें शेवटचें ठाणें. ठाण्यास जाणेंयेणें सरकारच्या एकाच पिकप गाडीनें होई, आणि ती गाडी निंबाजी हरपळे नामें इसम हांकीत असे. आणि रानांत एक गोष्ट होती जिचें नांव कोणी मोठ्यानें घेत नसत. घेणेंच पडलें तर ‘मागची’ इतकेंच म्हणत. रानांत गाडी शिरली म्हणजे कांहीं अंतर राखून दुसरी एक गाडी मागें लागे. ती चालती दिसत नसे. परत येतां मात्र आपल्या टायरांच्या नक्षीशेजारीं तिचा माग उमटलेला असे. रुंदी तीच, परंतु नक्षी नाहीं. गुळगुळीत, जैशा तळहाताच्या रेघा कोणी पुसून हात कोरा करावा. आपली गाडी चालती असे तोंवर मागची कांहीं करीत नसे. रुतली कीं ती येऊन पोहोंचे. मग शोधास गेलेल्यांस गाडी सांपडे, इंजिन कोंबट, दारें नीट लावलेलीं, आणि आंत मनुष्य नाहीं. म्हणोन रानांत रुतणें म्हणजे हरवणें, आणि न रुतणें सर्वस्वीं टायरांवर, हें राज्यांत लेंकराबाळांसही विदित होतें. यास्तव दरवाजाची एक शिस्त पूर्वापार चालत आली होती. रानांतून आलेल्या गाडीस हांक ऐकून दार उघडूं नये, दिवे पाहून उघडूं नये, ओळखीचा चेहरा पाहूनही उघडूं नये. मोठ्या दारांतल्या लहान दिंडीतून बाहेर वांकून आधीं सडकेच्या शेवटल्या वळणावरचा माग पाहावा, आणि आपल्या टायरांची नक्षी आंत येत असलेली दिसली तरच कडी काढावी.

त्या एकादशीस सकाळीं ठाण्यावरून बिनतारी यंत्रें खबर आली कीं, ताईसाहेबांस ज्वर भरला आहे, उतरत नाहीं, औषध होतें तें सरलें, एकदोन दिवसांत किल्ल्यावर नेलें नाहीं तर भरंवसा देववत नाहीं. ताईसाहेब म्हणजे सरकारची एकुलती एक कन्या. ठाण्याचा कारभार हट्टानें मागून घेऊन तेथें राहिली होती. सरकारांनीं खबर ऐकिली आणि हातांत आपट्याचें एक पान होतें, जें आदले दिवशीं लेंकीस द्यावयाचें म्हणोन वेगळें ठेविलें होतें, तें मुठींत मिटलें. मग निंबाजीस बोलाविलें आणि आज्ञा जाहली, “गाडी काढ.” निंबाजीनें मुजरा केला आणि जागचा हलला नाहीं. म्हणाला, “काढतो सरकार, पण टायर बघा आधी. डांबरावरचे टायर, त्यात टक्कल पडलेले. रानात घातली तर मैलभरात बसंल. मी बसायला भीत न्हाई, पण मी बसलो तर ताईसाहेबांना आणणार कोण?” कारभारी अंताजीपंत जवळ होते, ते बोलिले, “गेल्या वर्षापासून टायर टायर म्हणून ओरडतो आहे हा.” निंबाजी म्हणाला, “आणि गेल्या वर्षापासून ‘पाहूं पाहूं’ म्हणताहेत पंत. बघितलंत आता?” सरकार उभयतांकडे न पाहतां म्हणाले, “आज सूर्य मावळायच्या आंत टायर चढले पाहिजेत. उद्यां पहांटे गाडी रानांत.” मग किल्ल्याच्या पायथ्याशीं इस्माइलशेट यांचें टायरांचें दुकान होतें, त्यांजकडे स्वार गेला, आणि दुपारच्या कलत्या उन्हांत शेटजी तीन नमुन्यांचे टायर घेऊन हजर जाहले.

तेव्हां सदरेवर टायरांची पारख जाहली ती जैशी पूर्वीं घोड्यांची होत असे. एकेक टायर दगडी फरशीवरून लोळवीत सरकारच्या पुढें आणिला, उभा केला, अंताजीपंतांनीं अंगठ्यानें दाबिला, निंबाजीनें कान लावून थाप मारिली. पहिला नमुना सडकेचा. इस्माइलशेट म्हणाले, “हा गरीब जनावर. नक्षी बारीक, आवाज नाही, डिझेल कमी पितो, आत बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलत नाही. पण रानात नेलात तर चिखल नक्षीत भरतो आणि चाकाचं लोणी होतं.” तो बाजूस झाला. दुसरा नमुना अर्धा सडकेचा, अर्धा मातीचा. शेटजी त्यास बारमाही म्हणत. “मुरूम चालेल, डांबर चालेल, थोडा चिखल चालेल. सगळ्यांशी जमवून घेतो.” अंताजीपंत म्हणाले, “सगळ्यांशीं जमवून घेणारा ऐन वेळीं कोणाचाच नसतो.” त्यावर शेटजी हंसून म्हणाले, “पंत, तुम्ही कारभारात इतकी वर्षं काढलीत, तुम्हांलाच जास्त ठाऊक.” सदर हंसली, सरकार हंसले नाहींत. मग तिसरा आणिला. तो लोळवतांनाच फरशी घुमली. रबराचे गट्टू बैलाच्या खुराएवढे उभारलेले, मधल्या खाचा बोटें बुडतील इतक्या खोल, आणि सारे गट्टू एकामागून एक बाणांच्या टोकांसारखे रचलेले. बाजूस एक बाण कोरलेला, कीं चाक कोणीकडे फिरावें. इस्माइलशेट म्हणाले, “हा खरा चिखलाचा. फिरता फिरता खाचेतला चिखल स्वतःच बाहेर फेकतो. सडकेवर घोंगावतो, डिझेल पितो, पाठ मोडतो. पण रान त्याचं घर.” निंबाजी खालीं बसून खाचांतून हात फिरवीत होता, जैसा कोणी दूरच्या नात्यांतल्याचा चेहरा चांचपावा. मग रुंदीचा प्रश्न निघाला, कारण शेटजीजवळ अरुंदही होता आणि रुंदही. निंबाजी म्हणाला, “खाली तळ असंल तर अरुंद बरा. चिरत खाली जातो आणि कडक लागलं की धरतो. तळ नसंल तर रुंद घ्यावा, हवा कमी करावी, साईवरून तरंगत न्यावा.” सरकारांनीं पुसिलें, “तळ आहे कीं नाहीं?” अंगणांत झेंडूच्या वाळल्या माळांचीं टोकें वाऱ्यानें भिंतीवर टकटक करीत होतीं. निंबाजी म्हणाला, “ज्यांनी बघितला ते सांगायला आलं न्हाईत, सरकार.” मग रुंद घ्यावा ऐसें ठरलें.

ठरलें आणि अंताजीपंत पुढें होऊन म्हणाले, “एक विनंति आहे. ही नक्षी फार बोलकी. आंधळ्यानेंही हात लावून वाचावी. मागचीस आपण वाटभर लिहून देत जाणार कीं, आम्ही येथून गेलों, अमुक दिशेस गेलों, ये.” तेव्हां सरकारांनीं मान वळवून दरवाजाकडे पाहिलें. दरवाजाच्या चौकटीवर लोखंडी नाल ठोकलेली होती, उलटी. तिची कथा राज्यांत सर्वांस पाठ. मूळपुरुषांच्या मागें शत्रु लागला असतां त्यांनीं रातोरात घोड्यांची नाल उलटी ठोकविली, माग उलटा उमटला, शत्रु ते जेथून निघाले होते त्या दिशेस दौडत गेला आणि मूळपुरुष वांचले. त्याच सुमारास जुना किल्ला जळाला, आंत होतीं तीं माणसेंही राहिलीं नाहींत. परंतु तें दुःखाचें वर्तमान, तें वेगळ्या दिवशीं वेगळ्या ठिकाणीं सांगावयाचें, म्हणोन या दोन गोष्टी कोणी शेजारीं ठेवून पाहिल्या नव्हत्या. नालेस दर दसऱ्यास हळदकुंकू वाहत. आदल्या दिवसाचें कुंकू अद्याप ओलें दिसत होतें. सरकार म्हणाले, “टायर उलटे चढवा. डाव्या अंगाचीं चाकें उजव्या अंगास, उजव्या अंगाचीं डाव्यास. बाण मागें फिरूं द्या. गाडी जाईल आणि माग म्हणेल कीं आली.” हें ऐकतांच सदरेवर एकच हर्ष जाहला, आणि ज्यास त्यास वाटलें कीं हें आपणच सुचविणार होतों. अंताजीपंतांच्या डोळ्यांत पाणी आलें. म्हणाले, “रक्त बोललें, सरकार.” एकटे इस्माइलशेट डोकें खाजवीत म्हणाले, “लावायला माझी ना नाही. पण उलटा लावला की हा चिखल बाहेर फेकत नाही, आत ओढतो. रुतण्याची भीती वाढली म्हणायची.” निंबाजी म्हणाला, “शेटजी, मागं कोणी नसलं तर रुतलो काय न् वडाखाली झोपलो काय. उपसून काढीन.” सरकारांस हें बोलणें फार मानवलें, आणि त्यांनीं स्वतःच्या खांद्यावरची हिन्याच्या वासाची शाल काढून निंबाजीस दिली कीं, “ताईस थंडी वाजेल. येतांना पांघरूण घाल.” मग जॅक लागले, चाकांचे नट सुटले, जुने टायर डिस्कवरून निखळले आणि भिंतीशीं ढीग जाहला, नवे बसविले, हवा भरिली आणि रानासाठीं थोडी सोडिली, आणि दिवेलागणीस गाडी चार उलट्या बाणांवर उभी राहिली. सरकारांनीं चाकांस नारळ वाढविला आणि बोलिले, “ती परत येईल तेव्हां दार मी उघडीन. दुसऱ्या कोणी कडीस हात लावूं नये.”

द्वादशीस पहांटे थोडा पाऊस शिंपडून गेला, आणि निंबाजी निघाला. गाडी सडकेवरून घोंगावत उतरली, आणि ओल्या मुरुमावर तिचे बाण एकामागून एक उमटत गेले, सर्व किल्ल्याकडे तोंड करून. रानाच्या कांठीं निंबाजीनें रिवाजाप्रमाणें आरशावर फडकें बांधिलें, कारण रानांत मागें पाहूं नये, आणि गाडी काळ्या सायीवर घातली. चाकें जड जाहलीं, चिखल खाचांतून बाहेर न जातां आंतच दाटूं लागला, तरी रुंदीच्या बळें ती तरंगली आणि दुपारीं ठाण्यास पोहोंचली. तेथें ताईसाहेब अंथरुणावर होत्या. निंबाजीस पाहून म्हणाल्या, “तूच कां? मला वाटलें आबासाहेब स्वतः येतील.” निंबाजी म्हणाला, “ते दारात उभे आहेत, ताईसाहेब. उद्यापर्यंत तिथून हलायचे न्हाईत.” आणि तें खरें होतें. त्याच वेळीं रानांत जें घडलें तें कोणी पाहिलें नाहीं, परंतु मातीनें लिहून ठेविलें तें पुढें वाचिलें गेलें. मागची निघाली. नेहमीप्रमाणें बाजूनें आली, गाडीचा माग तिला भेटला, बाण तिनें वाचिले. आणि तिनें त्यांवर विश्वास ठेविला. ज्याची फसवणूक करावयाची त्याच्या विश्वासाचा विचार कोणी करीत नाहीं.

त्रयोदशीस उजाडतां किल्ल्यावर धुकें ऐसें उतरलें कीं बुरुज कोठें संपतो आणि आकाश कोठें लागतें हें कळेना. सरकार दरवाजाच्या आंतल्या अंगास घोंगडीवर बसून होते, जवळ अंताजीपंत. उजेड धुक्यांत विरघळून दुधासारखा जाहला, आणि मग सडकेवरून गाडीचा आवाज आला. तेंच घोंगावणें. आवाज दरवाजाबाहेर येऊन थांबला, आणि धुक्यांत दोन पिंवळे डाग उभे राहिले. सरकार उठले. अंताजीपंत म्हणाले, “सरकार, शिस्त. आधीं माग.” सरकार म्हणाले, “पाहा, पंत. लौकर पाहा.” पंतांनीं दिंडी उघडली, वांकले आणि वळणाकडे पाहिलें. ओल्या मुरुमावर बैलाच्या खुराएवढे बाण होते, ठसठशीत, एकामागून एक, सर्व किल्ल्याकडे तोंड करून. पंत आनंदानें ओरडले, “आपलीच नक्षी! बाण आंत येताहेत, सरकार, आंत येताहेत!” तो माग आदल्या पहांटेचा, जातांनाचा, हें त्या क्षणीं कोणाच्याही ध्यानीं आलें नाहीं. ज्यांनीं युक्ति केली त्यांसच युक्तीचें विस्मरण जाहलें; कां कीं त्यांस बाण आंत येतांना पाहावयाचे होते. सरकारांनीं स्वहस्तें कडी काढिली. दार उघडलें. बाहेर पिकप उभी होती, धुक्याच्या रंगाची. डाव्या अंगाचें दार अर्धें लोटलेलें, आंत आसनावर शाल पांघरून कोणी बसलेलें, मान खालीं, जैसी तापांतलीं माणसें बसतात. सरकार म्हणाले, “ताई?” आंतून फार थकल्या आवाजांत उत्तर आलें, “आबासाहेब, उतरवत नाही. हात द्या.” सरकार गेले, पायरीवर पाय ठेविला, आंत वांकले आणि दोन्ही हात दिले. मग दार लागलें. जोरानें नव्हे; जैसें निजलेल्याच्या खोलीचें दार लावावें तैसें. गाडी जागींच वळली आणि सडकेनें उतरून गेली. अंताजीपंत हंसत उभे होते, ते तैसेच हंसत राहिले, कारण चेहऱ्यास अद्याप वर्तमान पोहोंचलें नव्हतें. मग त्यांनीं खालीं पाहिलें. गाडी जेथें उभी होती तेथें माती गुळगुळीत होती. तिच्या कांठीं सरकारच्या मोजडीचीं पावलें होतीं, डाव्या दारापर्यंत गेलेलीं. पुढें नव्हतीं.

इकडे निंबाजी ताईसाहेबांस घेऊन उजाडतांच ठाण्याहून निघाला होता. किल्ल्यावरून नेलेलें एक दिवसाचें औषध दिलें होतें, ताप थोडा उतरला होता, आणि बापाची शाल लपेटून ताईसाहेब डाव्या आसनावर बसल्या होत्या. म्हणाल्या, “निंबाजी, गाडी फार गुणगुणते आहे. कीर्तनाला बसवलीस की काय?” निंबाजी म्हणाला, “नवे टायर हायेत. दरबारात निवडले. पंतांनी अंगठा दाबून पास केले.” “मग नक्कीच रुतणार,” ताईसाहेब म्हणाल्या, आणि खरोखरच रानाच्या मध्यावर गाडी रुतली. उलटे गट्टू चिखल ओढीत राहिले होते, खाचा भरून चाकांस मातीचीं पागोटीं बांधलीं गेलीं होतीं, आणि एका ठायीं सायच फुटली. गाडी बसली. इंजिन थांबलें. मग तेथें जी शांतता जाहली तिचें वर्णन होत नाहीं. कानांत स्वतःचें रक्त ऐकूं यावें ऐसी. ताईसाहेब म्हणाल्या, “किती वेळांत येते ती?” उभयतां फडक्यानें झांकलेल्या आरशाकडे पाहत राहिलीं. कोणी आलें नाहीं. धुकें अंगावरून सरकत गेलें, ऊन त्याच्या आंत कोठेंसें पिकूं लागलें, तरी कोणी आलें नाहीं. तेव्हां निंबाजी एकाएकीं हंसूं लागला, आणि हंसतां हंसतां त्यानें सरकारची सर्व युक्ति सांगितली, बाण कैसे उलटे केले, नाल कैसी आठवली. ताईसाहेबही हंसल्या. म्हणाल्या, “आबासाहेबांना कधी कोणी हुशार म्हणालं नव्हतं. आज मी म्हणेन.” मग निंबाजी निर्भयपणें उतरला, चाकाखालीं गोणपाटें घातलीं, हवा आणखी सोडिली, खाचांतला चिखल पान्यानें उकरला, आणि उकरतां उकरतां थांबला. त्यांच्या कालच्या जातांनाच्या मागाशीं, थोडे अंतरावर, गुळगुळीत माग होता. तो उत्तरेकडून एकटाच आला होता, बाणांपाशीं क्षणभर थांबल्यासारखा दाबला गेला होता, आणि मग वळून किल्ल्याकडे निघाला होता. ठाण्याच्या दिशेस कांहीं नव्हतें. ताईसाहेबांनीं कांचेंतून विचारिलें, “काय आहे?” निंबाजी म्हणाला, “ती मागं न्हाई, ताईसाहेब.” “मग बरंच आहे.” निंबाजी म्हणाला, “ती पुढं हाय.”

तेव्हां गाडी कैसी निघाली हें निंबाजीसही पुढें सांगतां येईना. निघाली इतकें खरें. रानाचा कांठ जवळ आला असतां विरळ धुक्यांतून कांहीं एक समोरून आलें आणि उजव्या अंगानें गेलें. आवाज नव्हता. गाडी वाऱ्यानें हलली, आरशाचें फडकें फडफडलें, आणि गाडींत क्षणभर हिन्याचा वास भरला. ताईसाहेबांनीं शाल नाकाशीं नेली. शाल परवांची, तिचा वास उडून गेलेला होता. म्हणाल्या, “कोण गेलं?” निंबाजी म्हणाला, “वारा.” किल्ल्याचा दरवाजा सताड उघडा होता, आणि अंताजीपंत सडकेवर चिखलांत बसले होते, पागोटें मांडीवर. ताईसाहेब उतरल्या, पावलें पाहिलीं, त्यांच्या कांठाकांठानें डाव्या दाराच्या जागेपर्यंत गेल्या. मग विचारिलें, “पंत, आंत कोण बसलें होतें?” पंतांनीं मान वर केली नाहीं. म्हणाले, “आपण.” “मी?” “आपणच बसलां होतां, ताईसाहेब. शाल पांघरून. मीं स्वतः पाहिलें. माग मीं पाहिला. ‘आंत येताहेत’ असें मींच म्हटलें.” मग चौकटीवरच्या नालेकडे पाहून ते इतकेंच बोलिले, “जुना किल्ला कोणीं जाळला, तें आज कळलें.”

ताईसाहेबांचा ताप त्याच दिवशीं उतरला, जैसें त्याचें काम संपलें होतें. त्यांनीं पहिली आज्ञा केली ती ही कीं चाकें पुन्हां अदलाबदल करून बाण सुलटे करावे. आणि गादीवर बसल्या नाहींत. गाडी हांकावयास शिकल्या. ठाण्याचें काम असो वा नसो, त्या रानांत जात, निंबाजी शेजारीं. आरशावर फडकें बांधूं देत नसत. मागची मागें लागे. आतां ती खऱ्या बाणांमागें येई. ताईसाहेब आरशांत पाहत आणि काय दिसलें तें सांगत नसत. फक्त कधीं कधीं वेग कमी करीत. परततांना रानांत ज्या ज्या जागीं त्या थांबल्या असतील त्या त्या जागीं, अंतर राखून, गुळगुळीत माग थांबलेला दिसे, आणि त्याच्या डाव्या अंगास मोजडीचीं पावलें. उतरलेलीं, उभीं राहिलेलीं, पुन्हां आंत चढलेलीं. निंबाजीनें एकदां भीतभीत म्हटलें, “ताईसाहेब, तुम्ही थांबता तेव्हा ते तुम्हाला बघायला उतरतात.” ताईसाहेब म्हणाल्या, “मग मी थांबते तें कशाला, वेड्या?” ऐसीं कांहीं वर्षें गेलीं, आणि बाण झिजत गेले. बैलाच्या खुराएवढे होते ते बोराएवढे राहिले, मग नुसत्या रेघा, मग रेघांची आठवण. इस्माइलशेट, आतां म्हातारे, नवे तीन नमुने घेऊन सदरेवर आले आणि म्हणाले, “ताईसाहेब, नक्षी पार गेली. हे टायर आता टायर राहिले नाहीत. सडकेचा घ्या, बारमाही घ्या, चिखलाचा घ्या, पण घ्या. या पावसाळ्यानंतर रानात गेलात तर रुताल.” ताईसाहेब तिसऱ्या नमुन्याच्या खाचेंतून बोट फिरवीत राहिल्या, जैसें कोणी जुन्या चिठ्ठीवरून फिरवावें. मग म्हणाल्या, “शेटजी, रुतावं म्हणूनच जाते आहे.” त्या दसऱ्याचे दुसरे दिवशीं त्यांनीं निंबाजीस शेजारीं घेतलें नाहीं. त्यास दरवाजाची कडी सांभाळावयास सांगितलें, आपट्याचें पान पदरास बांधिलें, आणि एकट्या गेल्या. तिसरे दिवशीं शोधास माणसें गेलीं. गाडी रानाच्या मध्यावर सांपडली, इंजिन कोंबट, दारें नीट लावलेलीं. तिच्यामागें दुसरा गुळगुळीत माग येऊन थांबला होता, आणि दोहोंच्या मधल्या मातीवर मोजडीचीं पावलें आणि अनवाणी पावलें ऐसीं मिसळलेलीं होतीं कीं कोण कोणाकडे गेलें हें कोणासही सांगतां आलें नाहीं.

येणेंप्रमाणें वर्तमान. पुढें राज्यानें नवी पिकप घेतली, परंतु तिला टायर कोणते घालावे हें आजतागायत ठरलें नाहीं. तीन नमुने सदरेच्या भिंतीशीं टेकून उभे आहेत, खाचांतून गवत आलें आहे. नाल चौकटीवरून उतरविली, तिची खूण मात्र लांकडांत राहिली. निंबाजी दरवाजावर आहे. धुक्याच्या सकाळीं सडकेवर गाडी येऊन थांबते आणि दोन ओळखीचे आवाज येतात, एक म्हणतो, “निंबाजी, दार उघड रे,” आणि दुसरा हंसून म्हणतो, “आधी माग बघू दे त्याला, आबासाहेब.” निंबाजी दिंडीतून वांकून पाहतो. माती गुळगुळीत असते. मग तो दार उघडीत नाहीं. परंतु धुकें निवळेपर्यंत आंतून कडीवर हात ठेवून उभा राहतो.